खडेआबा

कोल्हापुरात कुठल्याही पेठेच्या कोपऱ्यावर उभं राहून ‘अलीकडं जरा बरं चाललेलं न्हाई’ एवढंच मोठ्यानं म्हणून बघा. पहिला माणूस डॉक्टरचं नाव सांगेल. दुसरा म्हणेल, जोतिबाला जाऊन ये. तिसरा सांगेल, झणझणीत तांबडा रस्सा पी, घाम निघाला की मोकळा होशील. चौथा काहीच बोलणार नाही. तो तुमचा हात हातात घेईल, पालथा करेल, उताणा करेल, एकेक बोट चाचपेल आणि मान हलवत विचारेल, “असा रिकाम्या बोटांनं फिरालाईस व्हय रं मर्दा? मग दुसरं काय हुणार?”

हा चौथा म्हणजे खडेआबा.

खडेआबा प्रत्येक पेठेत असतो. तालीम, तरुण मंडळ, मिसळीचं दुकान आणि एक खडेआबा, एवढं झालं की पेठ पुरी होते. आमच्या पेठेतले आबा सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांचं खरं आडनाव रेशनकार्डावर असेल; बाहेर ते कुणाला ठाऊक नाही. पोस्टमनसुद्धा दारात येऊन “खडेआबा हाईत काय?” असंच विचारतो आणि आतून काकू, “गुजरीत बघा,” असं सांगतात.

आबांचे दोन्ही हात म्हणजे त्यांचं आत्मचरित्र आहे. उजव्या तर्जनीत पुष्कराज. तो थोरल्याचं लग्न जमत नव्हतं तेव्हाचा. लग्न जमलं, पण तीन वर्षांनी. “गुरूला एक फेरी मारायला बारा वर्सं लागत्यात,” आबा सांगतात, “आमचं तिनात उरकलं.” मधल्या बोटात नीलम. चंदगडला बदली झाली तेव्हा घातला. बदली काही रद्द झाली नाही. पण नीलम नसता तर गडचिरोली लागली असती, असं आबांचं ठाम मत आहे. अनामिकेत पोवळं, ते भावकीशी बांधावरून चाललेल्या दाव्यासाठी. दावा अजून चालू आहे. “पण हरलोय का? न्हाई न्हवं?” करंगळीत पाचू. लहानपणी आबा बोलताना अडखळायचे, म्हणून बुधाचा खडा कुणीतरी सुचवला होता. आबांच्या सगळ्या खड्यांत शंभर टक्के गुण आलेला हा एकच, आणि तो एकदा काढून ठेवा म्हणून घरचे हात जोडतात. डाव्या हातात राग शांत व्हावा म्हणून मोती आहे आणि त्याच्या शेजारी लसण्या. लसण्या कशासाठी घातला होता ते आबांना आता आठवत नाही. त्यामुळं तो काढायची त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटते.

एवढ्या अंगठ्या घालून रश्श्यात भाकरी चुरता येत नाही. ते काम काकू करतात. ग्रहांची एकूण कृपा बघता काकूंचे ग्रह कुठं आहेत, हा प्रश्न घरात कुणी विचारत नाही.

आबांची बैठक गुजरीत. अंबाबाईच्या देवळाला आणि महाद्वार रोडला लागून असलेली ही सराफांची गल्ली. कोल्हापुरी साज, ठुशी, मोहनमाळ, पुतळ्यांची माळ यांची घडण इथली. कारागिरांत आता बंगाली पोरंही पुष्कळ. सकाळी दुकानांपुढची आणि गटारीतली माती झाडून, धुऊन, चाळून त्यातले सोन्याचे कण काढणारे झारेकरी इथं दिसतात. जिथं केरालासुद्धा भाव आहे तिथं आबांच्या शब्दाला नसेल तर नवल. एका जुन्या कारागिराच्या पायरीवर त्यांची सकाळ सुरू होते. ते दलाल नाहीत. कुठल्या सराफाकडून त्यांनी आजवर एक रुपया घेतलेला नाही. घेतात तो फक्त चहा. म्हणून तर त्यांना कुणी पकडू शकत नाही. पैसे घेणाऱ्या माणसाशी भांडता येतं. फुकट सल्ला देणाऱ्याशी काय भांडणार?

साज हा आबांचा पहिला दाखला. परंपरेनं साजाला एकवीस पानं. त्यांत दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, एक डोरलं, आणि दोन पानांत माणिक आणि पाचू. “धा अवतार हाईत, आठ मंगल चिन्हं हाईत, तरीबी दोन खडं लागल्यातच न्हवं?” आबा विचारतात. “देवालाबी हातभार लागतोय!”

शास्त्राचं नाव निघालं की आबा मांडी बदलून बसतात. नऊ ग्रह, नऊ रत्नं: रवीचं माणिक, चंद्राचा मोती, मंगळाचं पोवळं, बुधाचा पाचू, गुरूचा पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीचा नीलम, राहूचा गोमेद, केतूचा लसण्या. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त हिरा, मोती, माणिक, पाचू यांची परीक्षा कशी करावी यावर अध्याय आहेत. बुद्धभट्टाचा ‘रत्नपरीक्षा’ हा ग्रंथ तर सगळा याच विषयावर. नऊ ग्रहांची नऊ रत्नं ‘जातकपारिजाता’त सांगितलेली आहेत. यांतलं एकही पुस्तक आबांनी उघडलेलं नाही. पण कारकुनीत इतकी वर्षं काढल्यामुळं न वाचलेल्या कागदाचा संदर्भ कसा द्यायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

अंगठी करायची तर खड्याखाली भोक हवं. खडा कातडीला टेकला पाहिजे. नीलम शनिवारी, मोती सोमवारी, घालण्याआधी कच्च्या दुधात ठेवायचा. आणि नीलम घ्यायच्या आधी तो उशाखाली ठेवून तीन रात्री झोपायचं. मानवतो का ते बघायचं. तालमीतला एक पोरगा असा नीलम उशाखाली ठेवून झोपला आणि चौथ्या दिवशी पायरीवर हजर झाला.

“सपान पडलं काय?”

“व्हय आबा. म्हस दिसली.”

“काळी का पांढरी?”

“म्हस पांढरी असतीया व्हय?”

“शनीचं काय सांगता येत न्हाई. दूध देत हुती का मारायला आलती?”

“दूध देत हुती.”

“मानवला!” आबा म्हणाले. कोल्हापुरात दुधाळ म्हशीपेक्षा शुभ स्वप्न कुठलं असणार? आता पैलवानानं अंगठी घालून कुस्ती धरायची कशी, हा प्रश्न उरला. आबांनी खडा चांदीत मढवून करगोट्याला बांधायला सांगितला. पोरगा पुढची कुस्ती हरला. आबा म्हणाले, खडा बोटाऐवजी कमरेला होता, तेवढा अंतराचा फरक पडला.

हे सगळं बिनघोर चाललं होतं. मग आबांची नात पुण्याला नोकरीला लागली आणि तिनं आजोबांच्या फोनवर बारा महिन्यांच्या बारा खड्यांची यादी पाठवली. जानेवारीला गार्नेट, फेब्रुवारीला जमुनिया म्हणजे ॲमेथिस्ट, मार्चला ॲक्वामरीन, एप्रिलला हिरा, मेला पाचू, जूनला मोती, जुलैला माणिक, ऑगस्टला पेरिडॉट, सप्टेंबरला नीलम, ऑक्टोबरला ओपल, नोव्हेंबरला टोपाझ, डिसेंबरला फिरोजा. तिच्या हपिसात मैत्रिणीच्या वाढदिवसाला असा खडा भेट देतात म्हणे.

आबा दोन दिवस गप्प होते. ना तिथी, ना नक्षत्र, ना जन्मवेळ. नुसता महिना, आणि तोही इंग्रजी! तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात उजेड पडला. “म्हंजे कुंडली नसली तरी चालतंय? वेळ म्हाईत नसली तरी? मर्दा, हे तर गरिबाचं ज्योतिष झालं!” त्या दिवसापासून यादी त्यांना तोंडपाठ आहे.

यादी केली कुणी, हे मात्र त्यांना माझ्याकडून हवं होतं. मी जे होतं ते सांगितलं. बायबलात अहरोन या मुख्य याजकाच्या उरपटावर बारा रत्नं जडवल्याचं वर्णन आहे, चार ओळींत तीन-तीन. पहिल्या शतकातल्या जोसेफस या इतिहासकारानं त्या बारांचा संबंध बारा महिन्यांशी आणि बारा राशींशी जोडला. पण पुढं कित्येक शतकं ज्याला परवडेल तो बाराही खडे बाळगायचा आणि महिना बदलला की खडा बदलायचा. आपल्या जन्ममहिन्याचा एकच खडा जन्मभर घालायची चाल अठराव्या शतकात पोलंडमध्ये पडली, असं जॉर्ज कुन्झ या अमेरिकन रत्नतज्ज्ञानं १९१३ सालच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. आणि आज चालते ती यादी अमेरिकेतल्या सराफांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९१२ साली कॅन्सस सिटीत जमून ठरवली.

मला वाटलं, आबा खचतील. दुकानदारांनी दुकानासाठी केलेली यादी म्हटल्यावर कुणीही खचेल. आबांचा चेहरा उजळला.

“म्हंजे सभा घेतली?”

“व्हय.”

“ठराव झाला?”

“झाला.”

“‘मंजूर, मंजूर’ म्हणून पास?”

साखर कारखान्याच्या वार्षिक सभा बघत म्हातारा झालेला माणूस. सहाव्या शतकातल्या ऋषीपेक्षा कोरम पुरा असलेल्या सभेवर त्याचा विश्वास जास्त. मी पुढं सांगितलं, की १९५२ साली अमेरिकेतल्या जवाहिरांनी यादीत बदल केले. मार्चचा मान ब्लडस्टोनकडून ॲक्वामरीनला गेला, जूनच्या मोत्याला अलेक्झांड्राइटची जोड मिळाली, नोव्हेंबरात सुनेला म्हणजे सिट्रीन शिरला. २००२ साली डिसेंबरात टांझानाइट घेतला, २०१६ साली ऑगस्टमध्ये स्पिनेल. “पोटनियम दुरुस्ती,” आबांनी एका शब्दात निकाल लावला. टांझानाइटवर मात्र ते घसरले. टांझानियात किलिमांजारोजवळच्या एवढ्याशा पट्ट्यात तो १९६७ साली सापडला आणि न्यू यॉर्कच्या टिफनी या पेढीनं पुढच्या वर्षी तो बाजारात आणला, हे ऐकून म्हणाले, “माझ्यापरास धाकटा खडा! त्यो माझं नशीब काय बदलणार? त्येला आधी माझ्या पाया पडाय सांग.”

खरी पंचाईत दोन शास्त्रं एकमेकांना भिडली तेव्हा झाली. अमेरिकेच्या यादीत जानेवारीला गार्नेट. आणि आपला गोमेद हा गार्नेटचाच एक प्रकार. म्हणजे जानेवारीत जन्मलेल्या सुनेला वाढदिवसाला गार्नेट द्यायचा तर घरात राहू आला! सप्टेंबरला नीलम, म्हणजे ऐन गणपतीत जन्मलेल्या पोरांच्या मागं शनी. एका सासूबाईंनी आबांना थेट विचारलं, “आबा, वाढदिवसाला साडेसाती भेट देत्यात व्हय?” आबांनी मार्ग काढला. ठुशीच्या मधोमध असेल तर तो दागिना, त्याला ग्रह लागत नाही. अंगठीत कातडीला टेकला तर तो खडा, त्याला लागतो. असा निवाडा वराहमिहिरालाही सुचला नसता.

पण आबांची कसोटी लागली ती एक जूनला.

महाराष्ट्रात एका पिढीचा जन्म एक जूनचा आहे. पोरगं शाळेत घालायला आणलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई म्हणायची, भात कापणीच्या वक्ताचा. गुरुजी पोराकडं बघून वर्षाचा अंदाज बांधायचे आणि पुढं ‘एक जून’ लिहून मोकळे व्हायचे. एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दर एकतीस मेला कचेऱ्याच्या कचेऱ्या हार घालून घरी जातात. आबाही तसेच गेले. अशा माणसांनी ‘आबा, आमचा खडा कुठला?’ म्हणून रांग लावली आणि प्रत्येकाचा खडा एकच निघाला. मोती. करवीर मोती, पन्हाळा मोती, कागल मोती. कॅन्सस सिटीत जमलेल्या सराफांनी ठराव केला तेव्हा आपल्याकडच्या गुरुजींशी गाठ पडणार आहे, याची त्यांना काय कल्पना!

आबा जातीचे कारकून. त्यांनी चौकशी करून खरा महिना काढायची पद्धत बसवली.

“आई काय म्हणत हुती?”

“नागपंचमीला झोका बांधला हुता म्हणं.”

“ऑगस्ट. पेरिडॉट.”

“आणि माझं? गुऱ्हाळं लागलीवती.”

“डिसेंबर धर. फिरोजा.”

“माझी आई जोतिबाच्या यात्रेत हुती, तितंच कळा आल्या.”

“चैत पुनव. म्हंजे एप्रिल. हिरा.”

तो शेतकरी क्षणभर थांबला. हिऱ्याचा भाव त्यानं गल्लीत शिरतानाच काचेतून पाहिला होता. “न्हाई आबा,” तो म्हणाला, “मास्तरांनी लिवलंय त्येच बरोबर. एक जून.”

तसं बघितलं तर गुरुजींनी तालुक्याचं भलंच केलं. मोती मुळात दगडच नव्हे. शिंपल्यातल्या जिवानं आत घुसलेल्या उपऱ्यावर थरावर थर चढवले की मोती होतो. खाणीशी त्याचा संबंध नाही. आपल्या नथीतले जुने बसरा मोती इराणच्या आखातातले. तिथल्या मोत्यांचा मोठा व्यापार मुंबईतून चालायचा; भोकं पाडणं, ओवणं हे काम मुंबईत व्हायचं. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यानं १८९३ साली शिंपल्यात मोती पिकवून दाखवला आणि १९३० च्या सुमारास बसऱ्याचा धंदा बसला. जगभरच्या जवाहिरांनी तेव्हा हाय खाल्ली. पण त्यामुळंच आज पगारदार माणसालाही मोती परवडतो. हुपरीच्या चांदीत बसवायचा, सोमवारी करंगळीत घालायचा. चांदीत मोती नि मनात शांती, असं आबांनी त्यावर यमकही जुळवलंय.

आबांचा दुसरा गुण सांत्वनाचा. पन्हाळ्याकडचा एक गृहस्थ आजोबांच्या पागोट्यातलं पिढीजात माणिक घेऊन आला. मुंबईला तपासायला पाठवलं तर शेरा आला: स्पिनेल. गृहस्थाचा चेहरा पडला. जमीन गेली असती तर एवढं वाईट वाटलं नसतं. आबांनी शांतपणे चहा मागवला. “विलायतेच्या राजमुकुटात म्होरल्या बाजूला तांबडा खडा हाय, बघितलाईस? ब्लॅक प्रिन्सचा रुबी म्हणत्यात त्येला. त्योबी माणिक न्हवं, स्पिनेलच हाय. तिकडं राजाला चालतंय आणि तुला चालत न्हाई व्हय?” ही माहिती अगदी खरी आहे. मी ती आबांना कधीतरी सांगितली होती. तिचा उपयोग कसा करायचा हे मात्र मला कधीच सुचलं नसतं. गृहस्थ राजघराण्याशी नातं जुळल्याच्या ऐटीत परत गेला.

आबांना विज्ञानाचं वावडं नाही, हे लोकांना ठाऊक नसतं. माणिक आणि नीलम हे एकच खनिज, कुरुंद. दोन्ही म्हणजे स्फटिक झालेलं ॲल्युमिनियम ऑक्साइड. क्रोमियमचा अंश पडला की तांबडं माणिक होतं, लोह आणि टायटॅनियमचा पडला की निळा नीलम. राधानगरीकडच्या सड्यांवरचं बॉक्साइट ट्रकनं बेळगावच्या कारखान्याला गेलं, तेही याच ॲल्युमिनियमसाठी. ऑग्युस्त व्हर्नोय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९०२ साली ॲल्युमिनाची भुकटी ज्योतीत वितळवून काही तासांत माणिक बनवायची रीत जाहीर केली. हे सगळं एका दमात सांगून मी आबांकडं बघितलं. आता तरी बोटातल्या अंगठ्या सैल होतील, अशी माझी अपेक्षा.

आबा म्हणाले, “माणिक कुणाचं? रवीचं. नीलम कुणाचा? शनीचा. शनी कोण? रवीचा पोरगा! बापलेक एका रगताचं असणारच की. तुमच्या सायन्सनं आत्ता शोधलं व्हय? आणि दोनी खडं एका हातात घालू नका म्हणून आमी सांगतोय, ते का? बापलेकाचं कुठं पटतंय?”

यावर जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेकडं उत्तर नाही.

आबांना खोटं ठरवायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. एका सहकारी संस्थेच्या निवडणुकीत सत्ताधारी पॅनेलचा उमेदवार अंधारात आबांकडं आला. आबांनी त्याला माणिक सांगितलं. अर्ध्या तासानं विरोधी पॅनेलचा आला. त्यालाही माणिक. मतमोजणी झाली. निवडून आलेल्यानं गुलालानं माखलेल्या हातानं आबांचे पाय धरले. पडलेला तावातावानं आला, तेव्हा आबांनी त्याच्या अंगठीकडं निरखून बघितलं आणि विचारलं, “खडा कुठनं घेतलास? आणि कितीला?” त्यानं घासाघीस करून स्वस्तात घेतला होता. “मग!” आबा म्हणाले. “रवीला डिस्काउंट मागितलास?”

दारू सोडवण्याचाही त्यांच्याकडं खडा आहे. ॲमेथिस्ट जवळ असला की दारू चढत नाही, अशी जुन्या ग्रीकांची समजूत होती. हाच फेब्रुवारीचा खडा. आबांनी एकाला तो उजव्या हातात घालायला लावला आणि अट घातली, की या हातानं ग्लासाला शिवायचं नाही. महिन्याभरात माणूस डावखुरा झाला.

इतकं सगळं बघून एक प्रश्न उरतोच. आबांच्या पायरीवरची गर्दी कमी का होत नाही? खडा सांगण्याआधी आबा तीन गोष्टी विचारतात: जन्म कधीचा, झोप लागती का, आणि देणं किती हाय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘एक जून’ एवढ्यात संपतं. उरलेला तासभर दुसऱ्या-तिसऱ्यावर जातो. गावात झोपेबद्दल विचारणारं कुणी उरलेलं नाही. देण्याबद्दल विचारतो तो सावकार. आबा दोन्ही विचारतात आणि चहा संपेस्तोवर ऐकून घेतात. शेवटी म्हणतात, “आधी सोसायटीचा हप्ता भर, मग खडा घे. देणं डोक्यावर असलं की खडा लागू हुत न्हाई.” हा नियम कुठल्याही ग्रंथात नाही. आबांच्या सगळ्या शास्त्रात खात्रीनं गुण येणारा एवढाच.

तेव्हा माझा निकाल असा. महिना गुरुजींनी लिहिलेला, खडा सराफांनी ठरवलेला. यांतून नशीब निघत नाही. पण रंग, चकाकी, घडण आणि हजारो वर्षांच्या गोष्टी निघतात, आणि तेवढ्यासाठी खडा हौसेनं घ्यायला काहीच हरकत नाही. मात्र घेताना वजन रत्तीत ऐकू नका, कॅरेटमध्ये विचारा. सोन्याची जुनी गुंज सुमारे ०.१२ ग्रॅमची आणि खड्यांच्या बाजारातली रत्ती सुमारे ०.१८ ग्रॅमची, या दोहोंच्या फटीत पुष्कळांचे पैसे गेलेत. कॅरेट मात्र सगळीकडं ०.२ ग्रॅमचा. पुष्कराज म्हणून टोपाझ किंवा सुनेला गळ्यात मारत नाहीत ना, ते बघा. स्वस्तात मिळणाऱ्या लालभडक माणकांच्या चिरा बहुधा शिसं मिसळलेल्या काचेनं भरलेल्या असतात. लिंबाचा रस लागला तरी ती काच खराब होते. मोत्याला अत्तर आणि घाम लागू देऊ नका. आणि खडा महागाचा असेल तर नावाजलेल्या प्रयोगशाळेचा दाखला हातात पडल्याशिवाय पैसे मोजू नका. दाखल्यावर खड्याचं नाव, वजन आणि त्यावर कुठली प्रक्रिया केली आहे, या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या हव्यात. देणं अंगावर असेल तर आधी ते फेडा.